पावसाळ्यातील ट्रेलर-दुरुस्ती : छपराखालची जागा कशी शोधावी?



हंगाम संपला की तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परततात, ट्रॅक्टर नांगरटीला लागतो आणि ऊस वाहून दमलेला ट्रेलर मात्र बांधावर नाहीतर लिंबाच्या झाडाखाली उभा राहतो. एप्रिल-मे महिन्यांत शेणखत आणि मुरूम ओढायला तो लागतोच, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की "आता पावसात कुठं वेल्डिंग करता?" असं म्हणून ती आणखी पुढे जाते. मग दसऱ्याच्या आगेमागे सगळ्यांना एकदमच जाग येते. त्या वेळी वेल्डरच्या दारात रांग लागलेली असते आणि काम घाईचं होतं. हे दुखणं जुनं आहे. त्यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. गावात चार महिन्यांसाठी एक कोरडी, छपराखालची जागा मिळवणे हा तो उपाय. ती कशी शोधावी, कशी मोजावी आणि कशी वापरावी, याचा विचार या पाठात करू.

ज्यांच्याकडे ट्रेलर नाही त्यांचा याच्याशी काय संबंध?

संबंध सरळ आहे. ऊस तुटला की त्यातील साखर कमी व्हायला लागते. उसातीलच विकरे आणि बाहेरून शिरणारे जिवाणू साखरेचे विघटन करतात, शिवाय ऊन-वाऱ्याने वजन घटते. म्हणून तोडलेला ऊस होईल तितक्या लवकर, शक्यतो चोवीस तासांच्या आत, गव्हाणीत पडावा असा आमचा आग्रह असतो. ट्रेलरचे बेअरिंग वाटेत गेले तर तो ऊस रस्त्यावर वाळतो आणि मागचा फडात पडून राहतो. वजनातील घट ज्याची त्याला सोसावी लागते, पण उताऱ्यातील घट सगळ्यांच्या वाट्याला येते. २००९-१० च्या हंगामापासून लागू झालेली एफआरपी कारखान्याच्या साखर उताऱ्याशी जोडलेली आहे. एकाचा शिळा ऊस असा सर्वांच्या दरात उतरतो.

याहून मोठी गोष्ट माणसांच्या जिवाची. रात्रीच्या वेळी मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असा उसाचा ट्रेलर रस्त्यात बंद पडून उभा असेल तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. दांडीची पिन निसटली तर भरलेला ट्रेलर उतारावरून कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. हे दोष हंगामाच्या घाईत सापडत नाहीत. ते सापडतात निवांतपणे गाडी उचलून, चाके काढून पाहिल्यावर. त्यासाठीच छप्पर हवे.

छप्पर ठेवायला नव्हे, काम करायला

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्रत्येक ट्रेलर चार महिने छपराखाली ठेवायला पाहिजे असं धरलं, तर जागा मिळणारच नाही आणि आपण हात टेकू. बाहेर उभ्या ट्रेलरची सोय वेगळी आहे. तळातील चिखल, पाचट आणि चिकटलेला रस धुऊन काढावा. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. तो मातीसह कोपऱ्यांत साचून राहिला की पत्रा तिथूनच कुजतो. मग दांडी थोडी उंच ठेवून, मागचा फाळका उघडा टाकून गाडी उतरती उभी करावी, म्हणजे पाणी थांबत नाही. तळाची भोकं बुजली असतील तर मोकळी करावीत.

छप्पर लागते ते फक्त कामाच्या सात-आठ दिवसांपुरते. एकदा हे मान्य केलं की गावाला एकच जागा पुरते आणि पाळीपाळीने सगळ्यांचे ट्रेलर तिथून निघतात.

जागा मोजण्याचा हिशेब

आपल्या ट्रेलरला टेप लावून मोजावे. लांबी धरताना पुढची दांडीही धरावी, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. समजा, दांडीसह लांबी १८ फूट आणि रुंदी ७ फूट आहे. चाक काढायला, पाटे सोडवायला आणि वेल्डरला बसायला चहूबाजूंनी ४ फूट मोकळे हवेत. म्हणजे लांबी २६ फूट आणि रुंदी १५ फूट, एकूण ३९० चौरस फूट.

दोन ट्रेलर शेजारी-शेजारी उभे केले तर मधली ४ फुटांची वाट दोघांना मिळून एकच लागते. रुंदी होते २६ फूट आणि जागा ६७६ चौरस फूट. वेगवेगळी धरली असती तर ७८० लागली असती.

आता गावात बारा ट्रेलर आहेत असे धरा. प्रत्येकाने आपापले छप्पर करायचे म्हटले तर ४,६८० चौरस फूट हवेत. दोन-दोन ट्रेलर आठ-आठ दिवस आत घेतले तर सहा पाळ्यांत, म्हणजे ४८ दिवसांत बाराही होतात. १ जुलैला सुरुवात केली तर १७ ऑगस्टला शेवटची जोडी बाहेर पडते, आणि जागा लागते सातव्या हिश्शाची. अडीअडचणीला चार-आठ दिवस जास्त गेले तरी दसरा लांबच असतो.

सहकाराचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही. लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला. एकेकट्या शेतकऱ्याला जे अशक्य होते ते अनेकांनी मिळून उभे केले. ज्यांनी मिळून कारखाने उभारले त्यांना एक छप्पर जड जाऊ नये.

कुठे शोधावे?

१) गुऱ्हाळघर : आपल्या भागातील सर्वांत सोयीची जागा हीच. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असते, छप्पर उंच असते, उसाची गाडी दारापर्यंत जाईल असा रस्ताही असतो. अडचण एकच, चिपाडाची. वेल्डिंगची ठिणगी वाळल्या चिपाडात पडली तर आत धुमसत राहते आणि सगळे घरी गेल्यावर पेट घेते. चिपाड आणि जळण पूर्ण हलवल्याशिवाय तिथे वेल्डिंग करू नये. चुलवणाचा खड्डा फळ्यांनी झाकून घ्यावा.

२) सोसायटीचे किंवा ग्रामपंचायतीचे गोदाम : रिकामे असेल तरच विचार करावा. पावसाळ्यात तिथे बहुधा खते-बियाणे असतात. खताच्या पोत्यांशेजारी वेल्डिंग म्हणजे आगीशी खेळ. रिकामे मिळाले तर संचालक मंडळाचा किंवा ग्रामपंचायतीचा रीतसर ठराव करून घ्यावा.

३) बंद पोल्ट्री शेड : लांबी-रुंदी भरपूर, पण छप्पर बुटके आणि दार अरुंद. आधी दार मोजावे. ट्रेलरच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना किमान एकेक फूट जास्त हवा. नसेल तर शेड सोडून द्यावी. चाके, पाटे, फाळके असे सुटे भाग दुरुस्त करायला मात्र ती चालते.

४) गोठ्याची पडवी : बैलांच्या टायरगाडीला ही जागा पुरते. पण वर कडबा रचलेला असेल तर तिथे फक्त धुणे-पुसणे, ग्रीस भरणे आणि रंगकाम. वेल्डिंग नाही.

५) तात्पुरते छप्पर : काहीच मिळाले नाही तर पाइप उभे करून वर पत्रे टाकावेत. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजू बंद करून तोंड पूर्वेला ठेवावे. नुसती ताडपत्री वाऱ्याने फाटते, आणि ठिणगीने तिला भोके पडतात.

कारखान्याच्या बगॅस साठ्याजवळची मोकळी छपरे काही सभासद सुचवतात. ती आगीच्या कारणाने देता येत नाहीत, गैरसमज नसावा.

जागा ठरवताना पाहायच्या पाच गोष्टी

रस्ता : काळ्या रानातून पावसात ट्रेलर जाणार नाही. मुरूम टाकलेली वाट हवी. चार चाकी ट्रेलर मागे घेणे अवघड असते, म्हणून वळायला दारासमोर मोकळे आवार बघावे.

जमीन : फरशी, कोबा किंवा चोपलेला मुरूम. नुसत्या मातीत जॅक रुतून गाडी कलंडते. जॅकखाली जाड फळी घालावीच.

छप्पर : मोठा पाऊस पडत असताना जाऊन बघावे, गळती आपोआप कळते. जुन्या तुळईला चेन पुली टांगू नये. त्यासाठी तीन पायांची लोखंडी घोडी वेगळी उभी करावी.

वीज : शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग मशीन चालवू नये. मंजूर कारणाखेरीज वापर हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत ठरतो आणि दंडाचे बिल येते. रीतसर तात्पुरती जोडणी घ्यावी किंवा डिझेलवरचे मशीन आणावे. अर्थिंग तपासावे. ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी वेल्डिंग करणे जिवावर बेतते.

कागद : जागा भावकीतली असली तरी चार ओळींची भाडेचिठ्ठी करावी. मुदत किती, वीजबिल कोणाचे, नुकसान झाले तर भरपाई कोणी करायची, हे आधीच लिहिलं की नंतर तोंडं फिरत नाहीत.

आठ दिवसांचे काम

पहिला दिवस : गाडी बाहेरच धुवावी, मगच आत घ्यावी. चाकांना दगड लावून जॅकने उचलावी आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये, मुलांना तर जवळही येऊ देऊ नये.

दुसरा दिवस : हातोडीने सगळा सांगाडा ठोकून पाहावा. निकोप लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. बद्द वाजेल तिथे खडूने खूण करावी. हब उघडून बेअरिंग रॉकेल-डिझेलने धुऊन पाहावीत. खरडलेली बदलावीत, बाकीच्यांना नवे ग्रीस भरावे.

तिसरा दिवस : पाटे, यू-बोल्ट आणि दांडी. दांडीचा डोळा झिजून लांबट झाला असेल तर त्यावर वेल्डिंगचा थर देऊन भागवू नये, डोळाच बदलावा. पिनला कुलूप-क्लिप आणि जोडीला सुरक्षा साखळी हवीच.

चौथा आणि पाचवा दिवस : कापणे आणि वेल्डिंग. टायर बसवलेल्या डिस्कवर वेल्डिंग कधीही करू नये, आतली हवा तापून टायर फुटतो. ऑक्सिजनच्या नळकांड्याला व रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लावू नये. पाण्याच्या बादल्या आणि वाळू जवळ असावी. काम संपल्यावर तासभर एक माणूस तिथेच थांबवावा.

सहावा आणि सातवा दिवस : तारेच्या ब्रशने गंज काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. पत्र्याला ओल असताना रंग दिला तर गंज आतल्या आत वाढतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. झड लागली असेल तर रंगाचा डबा उघडू नये. उघाड मिळेपर्यंत ती जोडी थांबवावी.

आठवा दिवस : दिव्यांची वायर आणि रिफ्लेक्टर. मागे लाल, पुढे पांढरे, बाजूंना पिवळे. ऊस भरल्यावर वाढ्याने झाकले जाणार नाहीत अशा जागी ते बसवावेत. इतर सगळ्या कामाच्या मानाने हा खर्च अगदी थोडा, पण रात्री कुणाचं तरी घर यानेच वाचतं.

पाळी कशी लावावी?

गावातील ट्रेलरमालकांनी एकदा बसून यादी करावी. ज्याची दांडी, पाटे किंवा हब खराब त्याचा नंबर आधी, ज्याचे नुसते रंगकाम त्याचा नंतर. चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा हे बरे, कारण जड काम उशिरा निघाले तर भाग मिळेपर्यंत हंगाम येतो. वेल्डरशी सगळ्यांनी मिळून एकदम ठरवले तर त्यालाही सलग काम मिळते आणि दर माफक पडतो. बेअरिंग, यू-बोल्ट, रंग एकत्र घ्यावेत आणि हिशेब एका वहीत ठेवावा.

आषाढी एकादशीच्या आधी जागा ठरावी आणि खंडेनवमीपर्यंत शेवटचा ट्रेलर रंग वाळून तयार असावा, असा बेत ठेवावा. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ आपण घालतोच. ती घालण्यापूर्वी एकदा खाली वाकून दांडीची पिन आणि मागचा रिफ्लेक्टर बघावा, एवढीच विनंती. जागेची पाहणी करायला आमच्या विभागाचा माणूस हवा असेल तर आपल्या गट ऑफिसात नोंद द्यावी.

— ऊस विकास अधिकारी