पुढच्या चाकाचे बेअरिंग : किती कसावे, कुठे थांबावे

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीने मुंबईची अनेक वर्षे सेवा केली. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत संपल्याने रस्त्यावरून गेली. तरीही गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींखाली जुन्या खासगी गाड्या आजही दिसतात. आमच्यासारखे छोटे व्यापारी त्यांतून मालाचे गठ्ठेही नेतात. अशा गाडीच्या पुढच्या चाकाकडे मात्र आपण फार कमी पाहतो.

इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. बेअरिंग तुटले तर चाक निखळू शकते. म्हणून हे काम मिस्त्रीकडून करून घेतानाही आपल्याला समजलेले असावे.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढे टेपर रोलर बेअरिंगची जोडी असते. हेन्री टिमकेन यांना 1898 मध्ये अमेरिकेत या बेअरिंगचे पेटंट मिळाले. यातील रोलर शंकूच्या आकाराचे असल्याने बेअरिंग उभा भार आणि वळणावरचा आडवा दाब असे दोन्ही झेलते. त्यातील प्ले नटाने जुळवावा लागतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हब नट ठरलेल्या जोराने आवळतात, तेथे ही रीत लागू नाही. म्हणून आधी आपल्या गाडीचे मॅन्युअल पाहावे.

तपासणी अशी. सपाट जागी हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि पुढचे चाक उचलावे. नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली घोडी द्यावी. चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले जाणवल्यास साथीदाराला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट पाहावा. चाक फिरवताना घरघर आली तर नुसते जुळवून भागणार नाही.

जुळवणी करताना ग्रीस कॅप काढावी, स्प्लिट पिन काढावी. काही गाड्यांत एका बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, ते आधी पाहावे. चाक हाताने फिरवत नट मध्यम जोराने आवळावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करून फक्त बोटांनी कसावा. पिनचे भोक जुळत नसेल तर नट किंचित मागे घ्यावा, पुढे कधीही नाही. अनेक जुन्या गाड्यांत 0.02 ते 0.12 मिलिमीटर प्ले ठेवतात, म्हणजे जवळपास साध्या कागदाच्या जाडीइतका किंवा त्याहून कमी. स्प्लिट पिन मात्र नेहमी नवीच घालावी.

येथेच बरेचजण चुकतात. घट्ट म्हणजे मजबूत, असा समज असतो. पण जास्त कसलेले बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन निघून जाते आणि रोलर जळतात. कापडाच्या धंद्यात आम्ही शिकलो की ताणून मोजलेला मीटर खोटा असतो. बेअरिंगचेही तसेच आहे.

बेअरिंग उघडलेच तर जुने ग्रीस रॉकेलने धुऊन पूर्ण सुकवावे. चाकाच्या बेअरिंगसाठी असलेले ग्रीस रोलरांमध्ये दाबून भरावे. दोन प्रकारचे ग्रीस मिसळू नये. हब ठासून भरू नये आणि ब्रेक ड्रमला ग्रीस लागू देऊ नये. रोलरवर खड्डे किंवा निळसर छटा दिसली तर बेअरिंग बाहेरच्या कपासह बदलावे, सीलही नवे घालावे. नागदेवी स्ट्रीट किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात खरेदी करताना नंबर जुन्या बेअरिंगवरून जुळवावा आणि पक्के बिल घ्यावे. नामांकित छापाचा नकली मालही बाजारात असतो; फार स्वस्त भाव हीच त्याची पहिली खूण.

काम झाल्यावर पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून दोन्ही हबजवळ जपून हात न्यावा. ब्रेकमुळे दोन्हीकडे थोडी गरमी असते. पण एकच बाजू जास्त तापली असेल तर पुन्हा तपासावे.

एका पिनेची किंमत काही रुपयेच. पण गाडीत बसलेला माणूस आणि रस्त्यावरून चालणारा माणूस, दोघांचीही जान आपल्याकडे अमानत आहे. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रीला विचारा, "नट बोटांनी कसला का? पिन नवी घातली का?" दोन्ही उत्तरे मिळाल्याशिवाय चावी घेऊ नका.