मालवाहू ट्रकमधील ट्रान्समिशन दोष व ‘रिकॉल’ : नोंदीचे महत्त्व

नाशिक परिसरातील टोमॅटो कसारा घाट उतरून मुंबईच्या बाजारपेठेत येतो, तर हिमाचल प्रदेशातील सफरचंद डोंगररस्त्यांनी दिल्लीस पोहोचते. अशा उतारांवर भरलेला ट्रक केवळ ब्रेकच्या नव्हे, तर गिअरच्या आधाराने उतरविला जातो. त्यामुळे ट्रान्समिशनमधील दोष हा दुरुस्तीखर्चापुरता मर्यादित राहत नाही. चालक, सोबतचे हमाल व रस्त्यावरील इतर सर्वांच्या जीविताशी त्याचा संबंध असतो.

दोष धोकादायक का ठरतो?

इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल या मार्गाने चाकांपर्यंत जाते. उतारावर हीच साखळी उलट दिशेने कार्य करते. चाके इंजिनास फिरवितात व इंजिनाचा विरोध वाहनाचा वेग रोखून धरतो. एक्झॉस्ट ब्रेकचा परिणामही याच मार्गाने चाकांपर्यंत पोहोचतो. गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये निसटल्यास किंवा शाफ्ट तुटल्यास हा आधार तत्क्षणी नाहीसा होतो. सर्व भार चाकांच्या ब्रेकवर पडून ड्रम तापतात आणि ब्रेकची पकड कमी होत जाते.

झीज व दोष यांतील फरक

पिवळे पडलेले प्रत्येक पान रसशोषक किडींमुळेच पिवळे होते असे नाही. अन्नद्रव्यांची कमतरताही तपासावी लागते. येथेही तेच तत्त्व लागू पडते. क्लच प्लेटची झीज, वेळेवर न बदललेले तेल व क्षमतेपेक्षा अधिक भार या वापर आणि देखभालीच्या बाबी होत. मात्र योग्य देखभाल असूनही एकाच मॉडेलच्या अनेक ट्रकमध्ये तोच भाग त्याच प्रकारे निकामी होत असेल, तर रचना, धातू किंवा जुळणी यांतील दोषाची शंका घेणे योग्य ठरते.

कायद्यातील तरतूद

सदोष वाहने उत्पादकाने परत मागवून दोष दूर करणे यास ‘रिकॉल’ म्हणतात. २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये कलम ११०अ समाविष्ट झाले. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू असून ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी आहेत. विहित प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्यास, अथवा चाचणी संस्थेच्या वा अन्य माहितीवरून, केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. अशा वेळी दुरुस्ती, वाहन बदलून देणे किंवा किंमत परत करणे ही जबाबदारी उत्पादकाची असते. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केल्यास त्यास दंडातून सूट मिळते.

गुलाबी बोंडअळीबाबत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. सापळ्यांची नोंदच ठेवली नाही, तर पातळी ओलांडल्याचे कळणार कसे? ट्रकचा तुटलेला भाग रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये बदलून विषय तेथेच संपविला, तर तो दोषही असाच नोंदीबाहेर राहतो आणि त्याच बनावटीचे इतर ट्रक घाटातून धावतच राहतात.

विस्तार कार्यकर्ते व शेतकरी गटांसाठी शिफारशी

• बिघाडाची तारीख, चॅसिस क्रमांक, धावलेले किलोमीटर, भार, रस्त्याचा चढ-उतार व वापरात असलेला गिअर यांची लगेच नोंद करावी.
• तुटलेल्या भागाची छायाचित्रे व सर्व्हिसची बिले जपून ठेवावीत.
• अधिकृत विक्रेत्यास लेखी कळवावे. तसेच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवावी.
• जुना ट्रक घेतल्यास नोंदणी त्वरित स्वतःच्या नावावर करावी, अन्यथा रिकॉलची सूचना पूर्वीच्या मालकाकडे जाऊ शकते.
• वॉरंटी संपली म्हणून तक्रार टाळू नये. वॉरंटी व रिकॉल या भिन्न बाबी आहेत.
• गिअर निसटत असलेला ट्रक तपासणी होईपर्यंत घाटात नेऊ नये. माल नाशवंत असला तरी तो दुसऱ्या वाहनात भरावा.