निघण्याआधी घराची घडी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुण तिकडं पाठवायचे, असं त्यात ठरलं. मी त्याच राज्यात, स्टुटगार्टजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यात काम करतो. तेव्हापासून सुट्टीत गावी, सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबला आलो की आसपासची पोरं भेटायला येतात. पगार किती, थंडी किती, व्हिसा किती दिवसांत मिळतो, असं सगळं विचारतात. मागं घरी कोण आहे, हे मात्र त्यांच्या बोलण्यात येत नाही. माझ्या मते तयारीला सुरुवात तिथूनच करायला हवी. म्हणून त्यांना जे सांगतो ते इथं लिहितोय.

१. नाव सगळ्या कागदांवर एकच करून घ्या.
दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि पासपोर्टवर वडिलांचं नावच गायब, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती. गावाचं नावही कुठं मोडनिंब, कुठं मोडलिंब असतं. गावात त्यानं काही अडत नाही, परदेशातल्या कचेरीत मात्र फाइल बाजूला पडते. लग्न झालं असेल तर ग्रामपंचायतीत नोंद करून दाखला घ्या. पत्रिका आणि फोटो कुणी विचारत नाही. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. दुरुस्त्या इथं असतानाच उरका.

२. भाषा इथंच शिका.
यात घाई चालत नाही. जर्मन भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा ६ पायऱ्या आहेत आणि नर्सिंगला जायचं तर साधारण चौथी, म्हणजे बी-टू गाठावी लागते. तीन महिन्यांत जर्मन शिकवतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. पुढं आणखी एक अडचण येते. वर्गातली जर्मन आणि स्टुटगार्टकडच्या फोरमनची श्वाबियन बोली यांत पुणेरी आणि माणदेशी मराठीइतकं अंतर आहे. पहिले काही महिने नुसतं ऐकण्यात जातात.

परकी भाषा शिकण्याचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यानं दिलाय. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेले. ते चिनी शिकले, १९४१ मध्ये तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथंच वारले. चीनमध्ये त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. जखमी सैनिकाला कुठं दुखतंय, हे दुभाष्याशिवाय समजून घेणारा डॉक्टर लोकांना आपला वाटणारच.

३. एजंटाला विचारायचे प्रश्न.
परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट सरकारकडं नोंदलेला असावा लागतो. त्याचं नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं. कायद्यानं त्याला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. आखातात जायचं आणि दहावी झालेली नसेल, तर सरकारची वेगळी परवानगी लागते. ‘व्हिजिट व्हिसावर चला, पुढचं तिथं बघू’ असं कुणी म्हणालं की तिथून उठा. असल्या व्यवहारासाठी रान गहाण टाकलेली घरं मी पाहिली आहेत.

४. जमिनीचं बोलणं निघण्याआधी.
मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या संत सावता महाराजांच्या अरण गावाचे आम्ही शेजारी. मळा सोडून जाणं आमच्याकडं सहज होत नाही. जाणारा म्हणतो, ‘भाऊ बघेल सगळं.’ भाऊ बघतोही. पण डाळिंबाचा बहार धरायचा की नाही, तेल्या रोग आला तर फवारणीचा खर्च कुणी करायचा, बोअर आटली तर नवी पाडायची का, हे दर हंगामाला ठरवावं लागतं आणि फोनवर त्यातून वाद उभे राहतात. सातबाऱ्यावर कुणाची नावं आहेत, उत्पन्न कसं वाटायचं, खर्च कोण घालणार, हे वडिलांसमोर बसून लिहून काढा. त्यानं भावाभावांत परकेपणा येतो असं जुनी माणसं म्हणतात. मी पाहिलंय ते उलट.

कायद्याचंही बघा. एकदा अनिवासी (एनआरआय) ठरलात की भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते, पण विकायची तर इथं राहणाऱ्या भारतीयालाच. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीला, शेतात उभं राहून मोबाइलवर फोटो काढावा लागतो, ते काम कोण करणार हे ठरवा. मुखत्यारपत्र इथंच करा आणि त्यात देखभाल, कर्ज, विक्री यांचे अधिकार वेगवेगळे लिहा. नंतर करायचं तर वकिलातीत सही करावी लागते आणि कागद भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. बँकेतलं साधं बचत खातंही एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं.

५. आई-वडिलांच्या दुखण्याची तयारी.
रात्री दोनला छातीत दुखलं तर गाडी कुणाची, सोलापूरला नेणार कोण, दवाखान्यात पैसे कुठल्या खात्यातून भरायचे? एका कागदावर नंबर लिहून तो आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलाय. त्यात पहिला नंबर शेजाऱ्यांचा आहे, माझा चौथा. आरोग्य विमा आधीच काढा, कारण जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

याहून अवघड बोलणं आईनंच काढलं. चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली, ‘मी गेले तर तुझी वाट बघत ठेवू नका. धाकट्यानं पाणी पाजावं. तू दहाव्याला ये.’ मी गप्प बसलो. पण विमान आणि मुंबईहून गावापर्यंतची वाट धरली तर दिवस जातोच, हे तिनं मनाशी जोखलं होतं. तिनं ते सांगितलं म्हणून आज धाकट्या भावाच्या मनावर ओझं नाही. हे बोलणं प्रत्येक घरात व्हायला हवं, कितीही जड गेलं तरी.

६. पहिले दोन महिने.
पगार हातात पडेपर्यंतचे पैसे जवळ ठेवा. जर्मनीत घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते आणि पुष्कळ घरांत ओटाही नसतो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. रविवारी दुकानं बंद. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, त्याचा मनावर परिणाम होतो. दुपारी उजेडात चालायची सवय लावा. शेंगाचटणी, काळं तिखट जरूर न्या, पण तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत.

७. बायको बरोबर येणार असेल तर.
तुम्हाला कारखाना असतो, माणसं असतात. ती परक्या गावात चार भिंतींत दिवस काढते, आणि घरातली पहिली भांडणं तिथूनच निघतात. कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला जर्मनीत नोकरी करता येते, हे कित्येकांना माहीतच नसतं. तिची प्रमाणपत्रंही तुमच्याबरोबरच तयार करा, भाषेचा वर्गही बरोबरच लावा. खर्चाचा हिशोब मांडताना फी दोघांची धरा.