वृद्ध कुत्र्याची वाटी, वजन आणि दाढा

मोठ्या जातींच्या कुत्र्यांचे म्हातारपण साधारण सातव्या-आठव्या वर्षी, तर लहान जातींच्या कुत्र्यांचे दहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते, असे मानले जाते. या वयात हालचाल घटते, स्नायू झिजू लागतात आणि त्यामुळे शरीराची ऊर्जेची गरज कमी होते. वाटीतले अन्न मात्र बहुतेक घरांत तरुणपणी ठरलेल्या मापानेच पडत राहते. या तफावतीतून वाढणारे वजन इतक्या सावकाश वाढते की कुत्र्याला रोज पाहणाऱ्यांच्या नजरेत ते भरत नाही, आणि मंदावलेली चाल, जिना चढण्याची टाळाटाळ, लांबलेली झोप या सर्वांचा खुलासा ‘आता वय झाले’ एवढ्या शब्दांत उरकला जातो. वास्तविक यांपैकी बराचसा भाग वयाचा नसून वजनाचा असू शकतो, आणि वजन हे वयाप्रमाणे अटळ नसते.

प्रस्तुत लेखिकेच्या घरातील लॅब्राडोर कुत्री याचे उदाहरण ठरली. तिचे योग्य वजन 30 किलोच्या आसपास असायला हवे होते. नवव्या वर्षी ते 38 किलोवर गेले. तिला कोणीही वाजवीपेक्षा जास्त खाऊ घालत नव्हते, अशी घरातील प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होती, कारण सकाळच्या चहाबरोबरची दोन बिस्किटे एकाने, दुपारची तूप लावलेली पोळी दुसऱ्याने आणि रात्रीचा उरलेला भात तिसऱ्याने दिला, तर प्रत्येकाला फक्त आपलाच घास माहीत असतो. दिवसाची बेरीज कोणाकडेच नव्हती, हीच या घरातील पहिली चूक होय.

लॅब्राडोरबाबत ही चूक विशेष महाग पडते, यामागे एक जैविक कारणही आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, या जातीच्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा काही भाग गळालेला असतो. पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचवण्यात या जनुकाचा वाटा असल्याने अशा कुत्र्यांची अन्नाची ओढ अधिक असते. म्हणजेच कुत्र्याची आर्जवी नजर ही भुकेची खात्रीशीर खूण मानता येत नाही. अन्न आवरण्याचा लाभ किती, हे अमेरिकेतील 48 लॅब्राडोर कुत्र्यांच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, आपल्याच वेताच्या भावंडांपेक्षा 25 टक्के कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे, तर भावंडांचे 11.2 वर्षे भरले, आणि सांध्यांच्या झिजेवरील उपचारांची गरजही सडपातळ कुत्र्यांना उशिरा भासली.

वजन योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी पशुवैद्यक ‘शरीरस्थिती गुणांकन’ वापरतात. या 1 ते 9 अंकांच्या मापनपट्टीवर 4 किंवा 5 ही योग्य स्थिती असून त्यापुढील प्रत्येक अंक सुमारे 10 ते 15 टक्के जादा वजन दर्शवतो. हे मापन घरीही हातांनी करता येते: बरगड्यांवरून हलका हात फिरवला असता त्या दाबावे न लागता जाणवल्या पाहिजेत, वरून पाहिले असता कंबरेचा आकार दिसला पाहिजे आणि बाजूने पाहिले असता पोट मागच्या पायांकडे वर चढलेले असले पाहिजे. दाट केसांच्या कुत्र्यात डोळे फसतात, म्हणून हाताचीच साक्ष ग्राह्य धरावी.

आहाराचे प्रमाण ठरवण्यासाठी प्रथम विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज काढतात. योग्य वजनाच्या किलोंना 30 ने गुणून त्यात 70 मिळवले की ती अंदाजे किलोकॅलरीमध्ये मिळते; 30 किलोसाठी ती 970 येते, आणि वजन उतरवायचे असल्यास साधारणतः या आकड्यापासूनच आखणी सुरू करतात. मुख्य जेवणाव्यतिरिक्तचा सर्व खाऊ दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांत बसला पाहिजे, असा नियम आहे. या हिशेबाने 30 किलोच्या कुत्रीचा दिवसभराचा खाऊ 97 किलोकॅलरींचा होतो, आणि तूप न लावलेली एक मध्यम पोळीच सुमारे 100 किलोकॅलरींची असते, हे लक्षात घेतले म्हणजे वर सांगितलेल्या घरात काय बिघडत होते ते स्पष्ट होते.

यासाठी दिवसाचे अन्न सकाळीच वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढावे आणि घरातील प्रत्येकाने जे द्यायचे ते त्याच डब्यातून द्यावे. पोळी-बिस्किटांऐवजी उकडलेली फरसबी, दुधी किंवा गाजर यांचे लहान तुकडे द्यावेत. कांदा-लसूण घातलेली भाजी, शिऱ्यातील बेदाणे, द्राक्षे, चॉकलेट आणि झायलिटॉल हा गोडवा असलेले पदार्थ विषारी असल्याने कटाक्षाने टाळावेत. वजन आठवड्याला 1 ते 2 टक्क्यांहून वेगाने उतरू देऊ नये. नेहमीचेच अन्न फार घटवल्यास प्रथिने व इतर पोषकद्रव्येही घटतात, म्हणून मोठी कपात करायची असल्यास वजन उतरवण्यासाठीचे विशेष खाद्य पशुवैद्यकाच्या सल्ल्याने निवडावे. म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिने कमीच द्यावीत ही समजूत सरसकट लागू नाही. मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर झिजणाऱ्या स्नायूंना उत्तम प्रथिनांची गरजच असते. मात्र आहार बदलण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी, कारण थायरॉइड ग्रंथी मंदावल्यानेही वजन वाढते आणि भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर मधुमेहासारख्या आजाराची शंका घ्यावी लागते.

दुसरी चूक चावण्याच्या सवयीबाबत झाली. चघळणे ही कुत्र्याची स्वाभाविक गरज असून म्हातारपणी फिरणे कमी झाल्यावर तिचे महत्त्व वाढते, हे खरे. परंतु हाडाने दात स्वच्छ होतात या विश्वासाने त्या कुत्रीला दर रविवारी मटणाची नळी दिली जात असे. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ, जी मांस कातरण्याचे काम करते, तिचा कठीण वस्तूवर जोर पडला की टवका निघतो आणि आतील मज्जा उघडी पडते. त्या कुत्रीची दाढ अशीच फुटली. ती एकाच बाजूने चावू लागली, पण जेवण सोडत नसल्याने कोणाला शंका आली नाही. काही महिन्यांनी डोळ्याखाली सूज आली तेव्हा मुळाशी पू झाल्याचे कळले. दाढ काढण्यासाठी भूल देणे भाग होते आणि लठ्ठपणामुळे भुलीचा धोका वाढला होता. अशा रीतीने वाटीतली चूक आणि हाडातली चूक एकाच टेबलावर एकत्र आल्या.

यावरून घ्यायचा बोध असा की, ज्या वस्तूवर अंगठ्याचे नख दाबले असता वळ उमटत नाही, ती वृद्ध कुत्र्याच्या तोंडी देऊ नये. कच्ची हाडे, शिंगे व खूर या कसोटीत बसत नाहीत. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात, आणि कच्च्या चामड्याच्या कांड्यांचा गिळलेला तुकडा फुगून घसा किंवा आतडे अडवू शकतो. त्याऐवजी दाबले जाणारे रबरी खेळणे घ्यावे आणि त्यात रोजच्या मोजलेल्या अन्नातलाच भाग भरावा. दातांवरील मऊ थर काही दिवसांतच कडक कीटणात बदलतो, म्हणून कुत्र्यांसाठीच्या पेस्टने शक्यतो रोज दात घासावेत. माणसांची टूथपेस्ट गिळली जात असल्याने ती वापरू नये. आयुष्यभर काही न कुरतडणारे कुत्रे उतारवयात एकाएकी चपला, कापड किंवा माती खाऊ लागले, तर त्याला रागावण्याआधी तपासून घ्यावे, कारण दातदुखी, अंतःस्रावी ग्रंथींचा विकार किंवा वार्धक्यातील स्मृतिभ्रंश यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

मोजलेला डबा आणि बंद झालेली नळी यांच्या जोरावर त्या कुत्रीचे वजन सात महिन्यांत 32 किलोंवर आले आणि जिना ती पुन्हा आपणहून चढू लागली. गेलेली दाढ मात्र परत येणार नव्हती. ज्यांच्या घरी वयस्क कुत्रे आहे त्यांनी महिन्यातून एकदा त्याचे वजन करून वहीत लिहावे, आठवड्यातून एकदा ओठ उचलून दोन्ही बाजूंच्या दाढा पाहाव्यात, आणि या दोन गोष्टींची सुरुवात याच आठवड्यात करावी.