कुंडी बदलल्यावर बोन्सायची पानं गळतात तेव्हा



होळीनंतरच्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी कापडी पिशवीत काहीतरी जपून घेऊन वर्गात आली. आत वडाचं वीतभर उंचीचं बोन्साय होतं. वाढदिवसाला मामाने दिलेलं. तिने व्हिडिओ बघून स्वतःच त्याची कुंडी बदलली होती, आणि आठ दिवसांत निम्मी पानं पिवळी होऊन गळली होती. घरचे म्हणाले होते, "टाकून दे, दुसरं आणू." ती मात्र मला विचारत होती, "बाई, मेलं का हो हे?"

ते झाड पुढे सहा आठवडे आमच्या वर्गाचा पाठ झालं. सातवी-आठवीच्या विज्ञानाशी तो छान जोडता येतो आणि पालकांना घरच्या बाल्कनीतही करता येतो, म्हणून इथे सविस्तर देते आहे.

१. आधी तपासा : झाड जिवंत आहे का?

पानं गळली म्हणजे झाड मेलं, असं नाही. एका बारीक फांदीची साल नखाने अगदी थोडी खरवडा. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. वडाला चीक आला तर उत्तमच. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली, खोडाच्या दिशेने येऊन पुन्हा पाहा. शेंडा वाळलेला असतो, पण खोड जिवंत असतं, असं पुष्कळदा होतं. ही तपासणी दोन-तीन ठिकाणीच करा. रोज खरवडायचं नाही. आणि मुळं बघायला झाड उपटायचं तर मुळीच नाही.

आमच्या झाडाचं खोड हिरवं निघालं. वर्गाने टाळ्या वाजवल्या, पण खरं काम तिथून पुढे होतं.

२. पानं का गळतात?

झाड पाणी शोषतं ते मुख्यतः मुळांच्या टोकांजवळच्या नाजूक मूलरोमांतून. कुंडी बदलताना मुळं मोकळी करतो, कापतो, कधी नळाखाली धुतो. त्यात हे मूलरोम तुटतात. वर पानांचा बाष्पोच्छ्वास मात्र चालूच असतो. म्हणजे घरात कमावणारे निम्मे झाले आणि खर्च तेवढाच राहिला. अशा वेळी झाड काय करतं? अंथरूण पाहून पाय पसरतं. काही पानं सोडून देतं, म्हणजे पाण्याचा खर्च कमी होतो. मुलांना हे सांगितलं की पानगळ म्हणजे मरणच नव्हे, ती जगण्याची धडपडही असू शकते, हे त्यांना पटतं.

'चिंचवड' या नावातच चिंच आणि वड आहेत. नवशिक्यासाठी ही दोन्ही झाडं चांगली. दोन्ही आपल्या हवेतली आणि चिवट आहेत, पानं गेली तरी पुन्हा फुटतात.

३. स्पंजचा प्रयोग : पाणी किती घालायचं?

त्या मुलीने पानं गळताना पाहून दिवसातून चार वेळा पाणी घालायला सुरुवात केली होती. आपण मोठी माणसंही हेच करतो. हे का चुकतं, ते दाखवायला भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या. (नवा घ्या, नाहीतर घरून तक्रार येईल!)

कृती : स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरून उचला. पाणी गळायचं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न दाबता उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल!

निष्कर्ष : उंची जास्त असली की पाण्याचा निचरा जास्त होतो. बोन्सायचा ट्रे उथळ असतो, म्हणजे तो आडवा स्पंज. तीच माती उंच कुंडीत जितकी कोरडी होईल, तितकी ट्रेमध्ये होत नाही. मुळांना श्वासासाठी हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर आधीच जखमी असलेली मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी शोषत नाहीत, पानं आणखी सुकतात, आणि आपण आणखी पाणी ओततो.

म्हणून आइस्क्रीमची लाकडी काडी कडेच्या बाजूने मातीत खोचून ठेवा. पाणी घालण्याआधी ती काढून बघा. ओली असेल तर थांबा. जेमतेम दमट असेल तर खालच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, म्हणून झाडालाही दिवसाआड, असं ठरवू नका. झाडाचं वेळापत्रक काडी सांगेल.

याला एक अपवाद आहे. जेड असेल तर उलटं करा. त्याच्या जाड पानांत पाणी साठलेलं असतं. कापलेली मुळं सुकून बरी व्हायला त्याला साधारण आठवडाभर पाणी न देता ठेवतात.

मातीचंही बघायला हवं. आपल्या भागातली काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. ट्रेसाठी चाळलेला विटांचा चुरा, जाडसर वाळू आणि थोडं कंपोस्ट असं मिश्रण बरं. बारीक धूळ चाळून टाका, ती पोकळ्या बुजवते. पण चुकीची माती भरून झालीच असेल, तर लगेच दुसऱ्यांदा कुंडी बदलू नका. आधी भोकं मोकळी आहेत का ते खालून काडी घालून बघा. पाणी वर तुंबून राहत नसेल तर पुढच्या योग्य वेळेपर्यंत तसंच राहू द्या.

४. पहिले सहा आठवडे

• जागा : भरपूर उजेड, पण दुपारचं ऊन नको. पूर्वेची बाल्कनी उत्तम. दहाव्या-बाराव्या मजल्यावर राहत असाल तर वाऱ्याचा आडोसा बघा. वारा उन्हाइतकंच सुकवतो.

• स्थिरता : झाड कुंडीत हललं की नवी मुळं टोकाशीच तुटतात. खोडाचा तळ सुतळीने कुंडीला हलकेच बांधा.

• दमटपणा : सकाळी पानांवर पाण्याचा बारीक फवारा द्या. फारच मलूल असेल तर वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला, पण ती उन्हात ठेवू नका.

• खत नको : हे मुलांना पटत नाही. "आजारी माणसाला ताकदीचं देतात ना?" काकडीच्या चकतीवर मीठ टाका, दहा मिनिटांत पाणी सुटेल. हेच परासरण. खतही क्षारच. जखमी मुळांभोवती क्षार वाढले तर पाणी आत जाण्याऐवजी बाहेर ओढलं जातं.

• छाटणी नको, तार नको : वाळलेली काडी तोडली तर चालेल, पण जिवंत फांदीला हात लावू नका.

५. निरीक्षण वही

वहीत रोज चार रकाने भरायचे : तारीख, गळलेली पानं, काडी ओली की कोरडी, नवा कोंब दिसला का. हात शिवशिवले की वही उघडायची, असा नियम केला.

आमच्या वहीत तिसऱ्या आठवड्याअखेर झाडावर तीनच पानं उरली होती. मुलं नाराज झाली, खरं सांगायचं तर मीही. चौथ्या आठवड्यात एका फांदीच्या टोकाला टोकदार कोंब दिसला. सहाव्या आठवड्यात पाच पानं आली. मग सकाळचं ऊन हळूहळू वाढवलं आणि त्यानंतर अगदी पातळ खत सुरू केलं. पुढची कुंडी बदलायची ती मुळं ट्रेभर गोल फिरलेली दिसली की. वडाला एक तर नवी पालवी फुटायच्या सुमारास, नाहीतर पावसाळ्याच्या सुरुवातीला. मे महिन्याच्या काहिलीत किंवा डिसेंबरच्या थंडीत नको.

६. वर्गात सांगायला एक गोष्ट

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५ पासून ते कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते तिथून तीनेक किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, भिंतीच्या आडोशाला होतं. ते वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. त्याची ही कहाणी तिथल्या लोकांना कळली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. हिरोशिमा दिनाच्या परिपाठात ही गोष्ट जरूर सांगा.

आपल्या पाठाशी तिचा संबंध असा : चारशे वर्षं ट्रेमध्ये जगायचं तर झाडाची मुळं कितीतरी वेळा मोकळी करून छाटावी लागतात. म्हणजे कुंडी बदलणं ही चूक नव्हेच, त्याशिवाय बोन्साय दीर्घकाळ जगत नाही. चुकतं ते वेळ निवडताना आणि नंतरच्या घाईत. जुनी बोन्साय जवळून बघायची असतील तर पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला मुलांना घेऊन जा.

७. चर्चेतून निघालेलं

शेवटच्या तासाला मी विचारलं, "कुंडी बदलल्यावर झाडाला पहिल्यांदा काय हवं असतं?" कुणी पाणी म्हणालं, कुणी सावली. दिवाळीनंतर नांदेडहून आलेला एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, म्हणाला, "त्याला सारखं विचारू नये, बरं आहे का म्हणून." वर्ग हसला, तोही हसला.

चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत वडिलांना काम मिळतं आणि मूल वर्षाच्या मध्यातच आपल्या वर्गात येतं. पहिले दोन महिने ते गप्प असतं, गुण घसरतात. आपण लगेच जादा तास लावतो, घरी क्लास लावतात. त्या उत्तरानंतर मी त्या मुलाची जादा तासांची चिठ्ठी महिनाभर पुढे ढकलली. त्याची जागा खिडकीजवळ, बोलक्या मुलाशेजारी केली आणि ती बदलली नाही. बाकी काही केलं नाही. आता तो स्वतःहून फळा पुसायला येतो. गणित अजून कच्चं आहे, ते आता सुरू करू.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न :

१. पानं गळणं झाडाच्या फायद्याचं कसं ठरू शकतं?
२. एकच माती उंच कुंडीत आणि उथळ ट्रेमध्ये वेगळी का वागते?
३. वड आणि जेड यांना कुंडी बदलल्यावर पाणी देण्याच्या पद्धतीत फरक का?

घरात असं मलूल बोन्साय असेल तर टाकून देण्याआधी साल खरवडून बघा आणि निरीक्षण वही मुलाच्या हातात द्या.