आयात फळांवरील बुरशीरोगांची ओळख

पिंपरी आणि बुरशी यांचे नाते जुने आहे. १९५४ साली येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात पेनिसिलियम बुरशीपासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे तेथील संशोधकांनी शोधलेले ऑरिओफंजिन हे प्रतिजैविक पिकांवरील बुरशीरोगांच्या बंदोबस्तासाठी वापरण्यात आले. त्याच पेनिसिलियमच्या इतर जाती मात्र साठवणीतील फळांचा नाश करतात.

न्हावा-शेवा बंदरात उतरणारी परदेशी सफरचंदे, संत्री व किवी पिंपरी, भोसरी, चाकणच्या हातगाड्यांपर्यंत पोहोचतात. शीतगृहात बुरशीची वाढ मंदावते, पण थांबत नाही. फळ उष्ण हवेत येताच दबलेला रोग उफाळून येतो. म्हणून बंदरावरील तपासणीनंतरही बाजारात सावध नजर आवश्यक ठरते.

रोग कसा ओळखावा?

निळी बुरशी : सफरचंदावर फिकट तपकिरी, मऊ व पाणचट डाग पडतो. कुजलेला भाग चांगल्या गरापासून सहज सुटा होतो. डागावर प्रथम पांढरे व नंतर निळसर-हिरवे पुंजके दिसतात. कुबट वास येतो.

करडी बुरशी : कूज पाणचट नसून स्पंजासारखी असते. वर राखाडी लव येते आणि रोग शेजारच्या फळांत पसरून पेटीत कुजका घोळका तयार होतो.

कडू कूज : खोलगट, गोल डागांवर एकात एक वर्तुळे व गुलाबीसर ठिपके दिसतात. फळ कापल्यास कूज गाभ्याकडे निमुळती होत गेलेली आढळते.

संत्र्यावरील हिरवी बुरशी : हिरव्या भुकटीभोवती पांढऱ्या बुरशीचा रुंद पट्टा असतो.

प्रत्येक डाग बुरशीचाच असतो असे नाही. सफरचंदाच्या सालीखालील कोरडे, तपकिरी खड्डे पुष्कळदा कॅल्शियमच्या कमतरतेमुळे पडतात. शंका असल्यास फळ ओलसर टीपकागदावर, झाकणाच्या डब्यात काही दिवस ठेवावे. बुरशी असल्यास बहुधा तिची वाढ दिसू लागते. शाळेत भिंगाच्या साहाय्याने हा प्रयोग सहज करता येईल. मात्र डबा उघडून वास घेऊ नये.

दक्षता का हवी?

निळ्या बुरशीमुळे पॅट्युलिन हे विष तयार होते. ते उकळल्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाही. सफरचंदाच्या रसात त्याचे प्रमाण किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा भारतात घालण्यात आली आहे. त्यामुळे कुजका भाग कापून उरलेल्या फळाचा रस काढणे हितावह नाही.

दुसरा धोका बागांना आहे. द्राक्षावरील केवडा हा मूळ अमेरिकेतील रोग १८७८ साली फ्रान्समध्ये आढळला आणि १९१० साली त्याची नाशिक परिसरात नोंद झाली. परका रोग एकदा रुजला की त्याचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागतो. याच कारणास्तव १९१४ चा कीड व रोग प्रतिबंधक कायदा आणि २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश यांन्वये आयात मालाबरोबर निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते.

सडकी फळे नाल्यात, शेताच्या बांधावर किंवा उघड्या उकिरड्यावर टाकू नयेत; खोल खड्ड्यात पुरावीत. पेट्यांतील गवत व कागद बागेत वापरू नयेत. अनोळखी लक्षण आढळल्यास ग्रामपंचायतीने नमुना बंद पिशवीत घालून, फळाचे नाव व देश नोंदवून, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांचे रक्षण बाजारातील अशा सजगतेपासूनच सुरू होते.