वाढीव खोली आणि मोरीच्या पाण्याची वाट

कुटुंब वाढले म्हणजे शेतकरी जुन्या घरास मागील अंगी एखादी खोली जोडतो. नेमकी त्याच बाजूस मोरी व न्हाणी असते. अशा वेळी जुना नळ नव्या जमिनीखाली गाडून त्यावर फरशी घालण्याची चाल आहे. ती त्याज्य होय. नळाचा सांधा पुढे सुटल्यास फरशी उखडल्यावाचून तो सापडत नाही, व तोपर्यंत पाणी पायात मुरत राहते.

गेवराई, माजलगाव, परळी ह्या गोदाकाठच्या तालुक्यांत ह्यापासूनचा अपाय विशेष. तेथील खोल काळी जमीन ओलीने फुगते व वाळली म्हणजे आकसते. पायाचा एक कोपरा ओला व बाकीचा कोरडा राहिल्यास भिंतीस तडा जातो. म्हणून पाया खणण्यापूर्वीच पाण्याची नवी वाट काढावी.

प्रथम उताराचा हिशेब करावा. चार इंची नळास चाळीस फुटांमागे एक फूट उतार चांगला. समजा, जुना नळ सरळ 20 फूट होता; त्यास 6 इंच उतार पुरत असे. नव्या खोलीस वळसा घालून तोच नळ 40 फूट झाला, तर 12 इंच उतार लागेल. म्हणजे शेवटचे तोंड पूर्वीपेक्षा 6 इंच खाली जाईल. तितकी खोली न मिळाल्यास साठास एक ह्या मानाने 8 इंच उतार द्यावा. त्याहून कमी करू नये. पातळी डोळ्यांनी न जोखता पाण्याच्या नळीने पाहावी.

प्रत्येक वळणावर झाकणाचे चेंबर बांधावे. काटकोनी वळणात गाळ अडकतो. स्वयंपाकघराच्या तोंडाशी जाळी बसवावी. शौचालयाचा नळ ह्यात मिळवू नये. बुजविण्यापूर्वी खालचे तोंड बंद करून नळ पाण्याने भरावा व तासभर पातळी उतरते का ते पाहावे. नवी वाट चालू झाल्यावर जुन्या नळाची दोन्ही तोंडे पक्की बुजवावी, नाही तर तेथे उंदीर शिरतात.

आता पाणी सोडावे कोठे? मराठवाड्यातच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली. 2015-16 च्या सुमारास ही रीत त्या जिल्ह्यातील इतर गावांत पसरली. परंतु तिचे अनुकरण जमीन पाहून करावे. खड्डा आदल्या रात्री पाण्याने भरून ठेवावा व सकाळी पुन्हा भरावा. पाणी एक इंच उतरण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागल्यास तेथे शोषखड्डा घेऊ नये. पाटोदा, आष्टीकडील मुरमाड जमिनीत तो बहुधा साधतो; चोपण काळ्या रानात तुंबून डास होतात. तेथे पाणी परसातील केळी, अळू, कर्दळीस द्यावे, व साबणाचा क्षार एकाच जागी साचू नये म्हणून वाफे पाळीपाळीने बदलावे.

शोषखड्डा घरापासून 20 फूट व पिण्याच्या विहिरीपासून 60 फूट तरी दूर असावा. आपल्या अवर्षणाच्या मुलखात विहीर बाटली तर उन्हाळ्यात दुसरे पाणी आणावयाचे कोठून, ह्याचा विचार कुदळ उचलण्यापूर्वीच करावा.